जखमेचं तोंड

हलू नकोस, बासारा.
मीठ घालून उकळलेलं पाणी दारात निवायला ठेवलं होतं,
खिंडीवरून बर्फाचा वारा येतो, फुंकर घालावी लागली नाही.
इरोदीनं कमरेची लोकरी पट्टी सोडून
तुझ्या जबड्याला दोन वेढे दिलेत.
राग धरू नकोस. मागच्या उन्हाळ्यात
त्याच्या अंगठ्याचं नख तूच नेलंस,
आणि मग दोन दिवस त्याच्याकडे बघायला लाजलीस.

दिवा त्याच्या कपाळावर आहे.
तो मान वळवतो आणि तुझी मांडी अंधारात जाते.
"सरळ बघ," मी ओरडते.
शंभर मेंढ्या कापल्या असतील त्यानं,
पण हे रक्त त्याला बघवत नाही.

आधी केस.
काठाला लोणी चोळते,
कातरलेले केस लोण्याला चिकटतील, आत पडणार नाहीत.
हे कुणी शिकवलं नाही मला.
तुझ्या आईच्या कानावर चुकत चुकत शिकले,
किंमत कानानं दिली.

खांद्यावरची ती लांब चीर
दिसायला भयंकर, पण सरळ मनाची आहे,
जे आहे ते उघड्यावर. ती भरेल.
मला भीती या चार भोकांची.
लांडग्याचा दात सुईसारखा आत जातो,
वर कातडी लगेच मिटून घेते, काही झालंच नाही अशी,
आणि खाली त्याच्या तोंडातली घाण
ऊब धरून बसते.

बाद्रीकाका द्राक्षाच्या दारूची बाटली घेऊन आला.
"ओत," म्हणाला, "जंतू मरतात."
जंतू मरतात, मांसही मरतं, काका.
तूच पी, हात थरथरतोय तुझा.
तो प्याला. थोडी इरोदीलाही दिली.

सुई काढलेल्या सिरिंजनं एकेक भोक धुते.
पाणी लाल,
मग गुलाबी,
मग नुसतं पाणी.
शेवटच्या भोकातून एक केस आला,
करडा, जाड.
तुझा नव्हे.
इरोदीनं तो दिव्यासमोर धरला आणि पहिल्यांदा हसला.
म्हणजे तूही त्याला सोडलं नाहीस.

डॉक्टर खाली अल्वानीत, मधे दरड.
संध्याकाळी कड्यावर चढून फोन लावला होता,
आवाज तुटत होता, तरी एवढं कळलं:
टाका घालू नकोस. तोंड उघडं ठेव.
बुडापासून भरत वर येऊ दे.
वरून मिटली तर आत पिकेल.
गोळ्या पाठवतो, रस्ता सुटला की.
सूज चढली, ताप आला, तर वाट बघू नकोस,
घोड्यावर घालून आण.

त्याच कड्यावर दर रविवारी
इमेदाचा पोलंडहून फोन येतो.
कसं चाललंय, विचारतो.
ठीक, मी म्हणते, सगळं ठीक.
छान मिटलेला आवाज असतो माझा.

चिरेवर मध लावते.
तू जिभेनं शोधणार, माहीत आहे,
म्हणून त्याचाच जुना चौकडीचा शर्ट:
पुढचे पाय बाह्यांत, बटणं पाठीवर.
काय दिसतेस! तालुक्याला निघालेल्या कारकुनासारखी.
बाद्रीकाकाला हसू आवरेना, मग ठसका लागला,
मग म्हणाला, इमेदाच आला की काय घरी.
कुणी काही बोललं नाही.
पट्टी सोडली तशी तू
इरोदीचा अंगठा चाटलास, तोच.

पहाटे शर्टाला ओला डाग.
बोट लावते, वास घेते.
कुजका नाही. वाहतंय अजून.
वाहू दे.

बाहेर कळप निघाला, घंटा चढणीला लागल्या.
साखळीच्या टोकाशी तू उभी,
एक पाय बाहीतून कधीच काढलेला,
आणि माझ्याकडे अशी बघतेस
जशी जखम मलाच झालीय
आणि उशीर तुला होतोय.