मी थो

खडकीच्या रेशन ऑफिसात कारकुनानं विचारलं, गाव?
आई म्हणाली, मी थो.
तो टाक उचलून थांबला.
मी थो... काय? वाक्य पुरं करा बाई.
आईला वाटलं, केलं की.
शेवटी बाबांनी म्हसवड सांगून टाकलं
आणि रांग पुढे सरकली.

नावाचंही तसंच.
न्यान. तिच्या भाषेत, निवांत.
आत्यानं ऐकलं ग्यान,
कारकुनानं शुद्ध करून लिहिलं
ज्ञानाबाई गेनबा विरकर.
निवांत बसलेली ती मला आठवत नाही.
ज्ञानाचं म्हणाल तर
दारूगोळा कारखान्याचा भोंगा होईस्तोवर
भात कसा शिजून निवायला हवा, हे तिला घड्याळाशिवाय कळायचं.

बाबा सायगावला कमिशनच्या कचेरीत टंकलेखक.
युद्ध थांबलंय, असे अहवाल तीन प्रतींत.
थांबलं नव्हतं, एवढंच ते सांगत.
काका म्हणायचे, चौथी प्रत घेऊन आला घरी.

माणदेशात भात सणासुदीला.
सासूनं पहिल्याच दिवशी भाकरी थापायला बसवलं.
आईनं ती इतकी पातळ केली, तिच्याकडे तांदळाच्या करतात तशी,
की तव्यावर नेताना फाटली.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मग मला कडेवरून उतरवत ती म्हणाली,
जा, बाकडे जा.
आजीनं काटवटीवरून मान वर केली:
हिला आपलं बोलणं कुणी शिकिवलं?
कुणीच नाही.
बा म्हणजे बाप, तिकडे आणि इकडे.
तो शब्द आधीपासूनच दोन्हीकडे राहत होता,
त्याला पासपोर्ट लागला नाही.

खडकी बाजारात सगळं मिळायचं.
मरळ मिळायची, पत्र्याच्या टबात, जिवंत.
अळूची पानं लोक न्यायचे, देठ टाकायचे;
देठ आईचे.
चिंच घरात. अननस फक्त पगाराच्या दिवशी.
मासळी मिठात घालून बरणीत ती जे मुरवायची
त्यावरून मालक दोनदा घर खाली करा म्हणून गेला.
फक्त एक पाला मिळेना.
जिऱ्यासारखा, लिंबासारखा,
आणि मध्येच कशासारखाच नाही.
मुक्ताबाईच्या टोपलीतली प्रत्येक जुडी ती चुरगळून हुंगायची.
मुक्ताबाई म्हणायची, हुंग गं बाई, वासाला कुठं वजन असतं.

मला शाळेत चिनी म्हणत, मग नेपाळी.
हल्ली रिक्षावाले विचारतात, मणिपूर का?
मी खडकी म्हणते.
पत्ता समजून ते मीटर टाकतात.

बाबा गेल्यानंतरच्या दिवाळीत
पौडच्या पुढे गाडी पंक्चर झाली.
दोन्ही बाजूंना भाताची कापणी.
भाचा जॅक शोधतोय तोवर
आई चपला हातात घेऊन बांधावरून खाली उतरली,
अडुसष्ट वर्षांची, घोट्याएवढ्या चिखलात,
आणि वाकली.
चिमटीत काहीतरी चुरडलं. नाकाशी नेलं.
विळा थांबवून एक बाई ओरडली,
आजी, तण हाय ते! उपटून टाकतोय आम्ही,
गुरंबी तोंड लावत न्हाईत.

तेच ना? मी विचारलं.
आई बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, त्याचा चुलतभाऊ.
आणि पदर पसरला.
पदर कशाला खराब करता, म्हणत त्या बाईनं
खताची रिकामी पिशवी झटकून दिली.

रात्री मरळ. देठ. चिंच.
अननस जरा जास्तच झाला होता, आई म्हणाली नाही
पण मला कळलं.
बाबांच्या फोटोपुढे एक वाटी; वाफेनं काच धुरकटली,
ती पुसायला कुणी उठलं नाही.
पाला वरून, गॅस बंद केल्यावर.
मी घोट घेतला आणि उगाचच मोठ्यानं म्हटलं,
मी थो.

वाटीतून मान वर न करता
आई म्हणाली,
पुढं बोल.