चार, अर्धा डझन, दोन, एक

बाउरूला इंधन भरलं. पंखाखालच्या नळीतून
बाबांनी काचेच्या पेल्यात थोडं काढलं,
चाळीस वर्षांच्या सवयीनं उन्हात धरलं,
मग माझ्याकडे सरकवलं:
तूच बघ गं. तळाला पाणी आहे का?

नव्हतं.

अकिदाउआनाला आभाळ कुणाच्याच नावावर नव्हतं.
वाऱ्याची दिशा दोरीवरच्या सदऱ्याला विचारायची,
उतरण्याआधी एक खालची फेरी, गाई हाकलायला.
आणि रेडिओ? तो फुटबॉलच्या सामन्यासाठी.
या उबाल्दिनोला पत्ता विचारणारा ढग
अजून जन्मायचाय, बाबा म्हणायचे.

आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत.
उद्या सकाळी सातला साओ पाउलोत पहिला डोळा.
बसनं मी मेल्यावर जाईन, म्हणाले.

जुंदियाईच्या पुढे आभाळाला मजले सुरू होतात.
वरचे मोठ्या विमानांचे,
मधले कुणाचे ते नकाशालाच ठाऊक,
आम्हाला जिन्याखालची जागा:
महामार्गाच्या कडेकडेनं, इतक्याच उंचीवर, इतक्याच रुंदीत.

आत शिरायचं तर कुणीतरी आधी
आपलं नाव उच्चारायला हवं.
मी तोंड उघडते, तोवर दुसरा कुणी बोलून टाकतो,
एक हेलिकॉप्टर, बँकेचं असावं, मग आणखी एक,
मग एक भरदार आवाज, दोनशे माणसं पोटात घेऊन.
गर्दीच्या दुकानात मुठीत नाणं धरून
फळीखाली उभं राहिलेलं पोर, तशी मी.
शेवटी एक फट सापडली. सांगितलं:
कोण, कुठून, किती जण.
पलीकडे एक बाई.
आग्वार्दे.

थांबा. हवेत थांबा!
बाबा हसले. लाव गाडी बाजूला.

जारागुआच्या मनोऱ्यांकडे बघत
मी वेग उतरवून घिरट्या घातल्या.
गारोआ पडत नव्हती, नुसती लोंबकळत होती,
काचेला ओल, कुठं थेंब म्हणून नाही.
तिसऱ्या वळशाला चार आकडे आले:
क्वात्रो, मेया, दोयस, उनो.
सहाला इथे रेडिओवर मेया म्हणतात,
अर्धा डझन,
नाहीतर घरघरीत तो तीनासारखा ऐकू येतो.
बाबांनी मला हे अंड्यांवर शिकवलेलं.
बटणं फिरवली, आणि कुठल्याशा अंधाऱ्या खोलीत
एका काचेवर आम्ही उगवलो.

मग शहर.
काय दिसतंय, बाबांनी विचारलं.
मला सांगता येईना. बाई म्हणत होती,
डावीकडे हेलिकॉप्टर, दिसलं की कळवा,
मी शोधत होते, राखाडीत राखाडी,
कानात सहा माणसं एकदम.

गरम हवा दे, बाबा म्हणाले.
थांबा हो, बाबा.
त्याचा घसा बसलाय. ऐक.

काटा पाहिला. दोनशे फेरे कधीच गळालेले.
दांडा ओढला, तर इंजिनला उलट ठसकाच लागला,
सगळं विमान हादरलं,
खाली छपरं, शाळेचं पटांगण, पटांगणात पोरं,
पुन्हा छपरं.
बाबांचे हात त्यांच्याच गुडघ्यांवर.
फक्त एक बोट आपटत होतं, मोजल्यासारखं.
अकरा, बारा,
आणि नरड्यातला बर्फ वितळून
त्यानं तो गिळला एकदाचा, आणि स्वच्छ बोलू लागला.

उंची कळवा, बाई म्हणाली.
कळवली. माझा आवाज मलाच परका.
हेलिकॉप्टर दिसलं का?
गेलं होतं ते, केव्हाच.

कांपो दे मार्तेला उतरलो, नदी ओलांडून.
इंजिन बंद केल्यावर इतकी शांतता झाली
की घड्याळ ऐकू आलं.
खाली काय होतं गं, मघाशी?
छपरं.
सगळीच?
सगळीच.

बाबा पंखाला धरून धरून पुढे गेले,
तापल्या पत्र्यावर तळवा ठेवून उभे राहिले.
मला वाटलं, काही बोलतील त्यावर.
म्हणाले, ती बाई आपल्याकडची आहे.
आग्वार्दे म्हणाली ना, त्यातला र ऐकलास?
जीभ मागे वळवून.
तिला धन्यवाद म्हणायचं राहिलं.