खाली

उद्यमबागेत तेवीस वर्षं मी पॅटर्न केले.
पंपाच्या पोटांचे, चाकांच्या तुंब्यांचे,
सागवानात, कोपऱ्यांना मेण भरून.
फाउंड्रीवाले ते वाळूत दाबायचे, उचलून घ्यायचे,
आणि माझ्या लाकडाच्या जागी जे उरायचं
त्यात लोखंड ओतायचे.
मग ॲल्युमिनियमचे पॅटर्न संगणकावरून उतरायला लागले.
मालकांनी हिशेब दिला,
आणि जुना लेथ, भंगाराच्या भावानं.

आता मच्छ्यात, पत्र्याच्या शेडात वाडगे करतो.
फणसाचे, शिवणीचे.
पोट होतं, कड होते, राहतो तळ.
ज्या खुंटाला चकानं इतका वेळ दातांत धरलं
तोच शेवटी कापायचा;
मग धरायचं कशाला?
ठोकळ्यावर दाबून बघितलं, टेप लावून बघितलं.
एक वाडगा सुटला, पत्र्यावर आदळला.
पोचा अजून आहे.

"व्हॅक्यूम लाव की," इराण्णा हंपण्णावर म्हणाला,
आणि स्वतःच्या मशीनवर पितळेचा जोड काढून दिला:
पोकळ स्पिंडलच्या शेपटीला बसणारा,
आत दोन बेअरिंगं,
नळी जागेवर राहते, लेथ फिरतो.
पंप काकतीच्या डेअरीतला, म्हशी पिळून दमलेला.
टाकी एका ट्रकच्या ब्रेकची.
कपाच्या ओठाला रबर हवं होतं, मऊ;
माझ्या डाव्या चपलेचा तळ गोल कापला.

पंप सुरू. काटा अकरावर गेला
आणि तिथंच बसला, पाहुण्यासारखा.
"वारं कुठनं येऊलंय बघ की," चांगुणा म्हणाली
आणि देव्हाऱ्यातली उदबत्ती घेऊन आली.
जोडापाशी धूर सरळ. नळीपाशी सरळ. ओठापाशी सरळ.
वाडग्याच्या कुशीजवळ आला आणि वाकला,
लाकडातच शिरला.
फणस आडव्या रेषांतनं वारं पीत होता.
मी पॅटर्नचा जुना डबा शोधला.
तळाशी बोटभर मेण, तेवीस वर्षांतलं शेवटचं.
बाहेरून चोळलं, अंगठ्यानं, सगळीकडे.

चौदा. अठरा. बावीस.
"तीसवर का जात नाही?"
"तीस पायजे तर चोर्ला उतर, गोव्यात मिळतंय.
हितं घाटावर सत्तावीसच्या पलीकडं कुणाचंच जात नाही."
मग गेजला टिचकी मारून तो म्हणाला, "खाली आयतु."
मी पायाशी बघितलं, काय पडलं म्हणून.
इराण्णा पोट धरून हसला.
त्याच्या कन्नडात खाली म्हणजे रिकामं.
चाळीस वर्षं त्याच्या शेजारी चहा पितोय,
आणि अजून खाली बघतो.

दोन्ही हातांनी ओढलं, वाडगा हलेना.
आत काहीच नव्हतं.
धरलं होतं ते बाहेरच्यानं:
शेडातल्या, रस्त्यावरच्या, मजगावच्या माळावरच्या वाऱ्यानं,
सगळ्यांनी मिळून एका वाडग्याला टेकून.

पटाशी लावली. खुंट निम्मा उतरला
आणि लाईट गेली.
पंप गप्प झाला, लेथ आपल्या वेगानं फिरत राहिला,
काटा उतरायला लागला, सावकाश.
"टाकी कशाला लावली म्हटलं?" इराण्णा अंधारातनं.
एका तळव्यानं लेथ थांबवला, दुसरा वाडग्याखाली धरला.
वीस. सतरा. बारा.
टॉर्च चांगुणाच्या हातात, आणि ती काटा मोठ्यानं वाचत होती,
जशी थर्मामीटर वाचते.
सहावर तो माझ्या हातात आला,
झोपलेल्या पोराचं डोकं येतं तसा.

लाईट दुपारी आली. तळ पुरा झाला,
गुळगुळीत, मधे तीन बारीक रेघा.
चांगुणा म्हणते, नाव घाल तुझं.
इराण्णा विचारतो, कुठल्या अक्षरात?
आणि दोघंही माझ्याकडं बघतात.
मी वाडगा पालथा ठेवतो.
अजून काही लिहिलेलं नाही.
खाली आहे.