पायांकडची हवा

तीन गाड्या, एक वही, आणि उणे चौतीस.
उलानबातरमधला जुन्या गाड्यांचा बाजार;
सूर्य उगवून तास झाला, पण नुसता दिसण्यापुरता.
वहीत रात्रीच रकाने आखून ठेवले होते:
क्लायमेट कंट्रोल. गरम सीट. मागच्या काचेतली तार.
आरसे आपोआप मिटतात का.
स्टिअरिंगला ऊब, की नुसतं कातडं.
पेनातली शाई गोठते, म्हणून पेन्सिल.

पहिली चांदीरंगी. जपानहून बोटीनं आलेली.
तिथल्या कुणाचं तरी तापमान अजून तिच्यात आहे:
साडेचोवीस.
बटण दाबलं की एक बाई जपानीत काही सांगते,
अदबीनं, दरवेळी तेवढंच.
‘हिचे वेगळे पैसे नाहीत,’ विकणारा गांखुयाग म्हणाला,
‘ही स्टँडर्ड आहे.’

दुसरीत दोघांसाठी दोन हवामानं.
उजवीकडे सत्तावीस, डावीकडे सतरा करून पाहिलं,
मग मधोमध, गिअरच्या वर, हात धरला.
तिथं नक्की कुणाचा ऋतू, कळेना.
माझ्या घटस्फोटाला चार वर्षं झाली.
पलीकडच्या आकड्याचे पैसे मी का मोजायचे?
तरी वहीत बरोबरची खूण केली;
सोय ती सोय.

तिसरीत पडदा नाही, आवाज नाही.
तीन गोल खुंट्या. एक निळ्याकडून लालकडे जाणारी,
एक वाऱ्याची, एक दिशेची.
लाल टोकाशी रंग पार झिजलेला.
तिच्या रकान्यांत मी आडव्या रेघा मारत गेले.

वडील रात्रभर बसमध्ये बसून आर्खांगाईहून आलेले.
घोड्याजवळ डावीकडून जायचं असतं,
तसे ते तिन्ही गाड्यांजवळ डावीकडूनच गेले,
आणि प्रत्येक वेळी चाक नसलेल्या सीटवर बसले.
पहिलीतल्या बाईचं बोलणं त्यांनी टोपी काढून ऐकलं,
संपल्यावर म्हणाले, ‘तुमचाही हिवाळा बरा जावो.’
गांखुयाग हसला. मी नाही हसले,
म्हणजे, नंतर हसले.

मी वही वाचून दाखवली. सगळी. रेघांसकट.
ते ऐकत होते की नव्हते कोण जाणे.
मग हातमोजा काढून, वाकून,
हाताची पाठ त्यांनी पायांच्या जागेत धरली.
‘वरचं राहू दे. खाली किती पोचते?’

‘आजोबा, खाली तर पाय. पायांत बूट.’
‘मार्चमध्ये कोकरं असतात,’ वडील म्हणाले.

मग थोडं थांबून, गाडीलाच सांगावं तसं:
गेल्या वसंतात दोर्लिगच्या ट्रकमधून आणत होतो.
वर इतकं उकडत होतं की त्यानं शर्टाची बटणं सोडली.
खाली दोन होती, ओली, नुकती चाटून झालेली.
नदीपर्यंत एकच राहिलं.

वहीत जागा उरली नव्हती.
समासात, उभं, मी लिहिलं: पायांकडची हवा.
तिन्ही गाड्या पुन्हा चालू करायला लावल्या.
पहिलीत हात गार राहिला. दुसरीत
सत्तावीस आणि सतरा, दोन्ही गुडघ्यांच्या वरच.
तिसरीत त्यांनी हात खाली ठेवला
आणि काढायचं विसरले.

पैसे मोजले. गांखुयागनं
काच खरवडायचं प्लॅस्टिक वर फुकट दिलं,
स्टँडर्ड म्हणून.
फाटकाशी वडील म्हणाले,
‘ती बाई काय सांगत होती?’
‘काय माहीत.’
‘विचारून यायला हवं होतं.’

घरापर्यंतचा रस्ता सगळा बर्फाचा, चाळीसच्या पुढे काटा नाही.
खुंटी लालवर, दिशा खाली.
माझ्या नाकाचा शेंडा बधिर.
शेजारी वडील बूट दाराशी आखडून बसलेले,
पायांमधली जागा रिकामी सोडून.
अजून जानेवारीच होता.