चित्र क्रमांक ४१७

सातवी प्रयोगशाळा म्हणजे आम्ही.
रत्नागिरी, दुसरा मजला, काचेवर खार,
खिडकी बंद असली तरी मिरकरवाड्याचा वास आत.
पडद्यावर एका पेशीची सेहेचाळीस गुणसूत्रं
खळ्यात ओतलेल्या सुकटीसारखी,
वाटेल तशी वाकलेली.

शोधायचं एवढंच:
दोन कंबरांचं गुणसूत्र.
किरणांनी तुटलेली दोन टोकं
अंधारात एकमेकांना धरतात,
चुकीच्या दाव्याला बांधलेल्या गुरांसारखी,
आणि एक बिनकंबरेचा तुकडा
कडेला पडून राहतो.
पाचशे पेशींत अशी किती,
त्यावरून अंगात किती किरण गेले ते काढायचं.
चित्रं सगळ्या प्रयोगशाळांना तीच.
डोळे ज्याचे त्याचे.

४१७ पाशी मी अडले.
"पीळ आहे," इम्तियाज सोलकर म्हणाला,
"दुसरी कंबर म्हणतेस, तर मग तुकडा दाखव."
तुकडा होता.
किंवा रंगाचा डाग होता.
सकाळी तुकडा होता,
जेवून आल्यावर डाग.

बंदरावर आई टोपलीकडे नुसतं बघायची.
"साडेअकरा."
फुलावंती म्हणे बारा, होडीवाला पंधरावर अडून.
मग कुणीतरी काटा आणायचं
आणि तिघंही गप्प.
आई तेवढी हसायची, जिंकली तरी, हरली तरी.

पहिल्या दोन नमुन्यांना काटा आहे.
नळीतल्या रक्ताला कुणीतरी मापून किरण दिलेत,
आकडा पाकिटात बंद.
तिसरा नमुना माणूस आहे.
वय चौतीस, पाइपांचे जोड तपासणारा.
नाव नाही.
त्याचा बिल्ला शून्य दाखवतो,
कारण त्या दिवशी बिल्ला घरी होता,
खुंटीवर, दुसऱ्या शर्टाला.

दीड महिन्यानं तक्ता आला.
एक पूर्णांक सहा. एक पूर्णांक नऊ.
दोन पूर्णांक चार.
अकराव्या प्रयोगशाळेचे तीन पूर्णांक एक,
तिच्यापुढे शेरा: विसंगत.
आमचे दोन पूर्णांक एक.
समाधानकारक.
इम्तियाजनं खालून भजी मागवली,
साहेब स्वतः येऊन दोन खाऊन गेले.

मी पुरवणी उघडली, चित्रागणिक कुणी काय धरलं ती.
४१७: सगळीकडे शून्य.
अकराव्याकडे एक.

कुठली असेल ती,
कुठल्या गावची, जेवायच्या आधी बघितलं की नंतर,
तिच्या खिडकीतून काय दिसतं?
एका कंबरेनं तीनचे दोन होत नाहीत, कळतं मला.
तिनं बाकीचीही बरीच धरलीत.
तरी फोन नंबर मिळाला असता तर
आधी हेच विचारलं असतं: तुकडा होता ना?

मीही शून्यच लिहिलं होतं.
शेजारच्या रकान्यात, बारीक अक्षरात: शंका.
तक्त्यात तो रकाना घेतलेला नाही.