सल्ला

नकाशावर बोट ठेवून मीही आधी हसले होते:
फिनलंडच्या वरच्या अंगाला, रशियाच्या कुंपणाला टेकून
सल्ला नावाचं गाव आहे.
आपल्याकडे जो न मागता मिळतो
त्याच्या पाटीवर तिथं बर्फ साचतो
आणि कुणीतरी गाडीतून उतरून
बाहीनं तो पुसत बसतं.

फिरत्या वाचनालयाची बस दर दुसऱ्या मंगळवारी.
ओस्मो चालवतो. इर्मेली पुस्तकं देते.
आनंदाची पुस्तकं हीटरजवळच्या फळीवर,
मासेमारी आणि विणकाम यांच्या मधोमध.
अकरा होती. एकावर ओस्मोनं कॉफी सांडली,
तेव्हापासून दहा.

जगातला सर्वांत सुखी देश,
रेडिओ दर वर्षी सांगतो,
आणि ओस्मो रेडिओकडे बघतो
व्याह्याकडे बघावं तसं.
त्यामुळे असली पुस्तकं कुणी उघड मागत नाही.
माशांच्या पुस्तकाखाली दडवून नेतात,
कव्हर पोटाशी धरून.

इर्मेलीला मात्र विचारावं लागत नाही.
"निळं नको, त्यातला लेखक फार हसतो.
जाडजूड आहे ते खरं बोलतं,
पण अंथरुणात वाचू नकोस, छातीवर पडेल.
कृतज्ञतेचं ने. दिवसा वाच.
रात्री माणूस मोजायला बसला
की भलतंच मोजत सुटतो."

पुस्तक कुठवर पोचलं, हे ती खुणांवरून ओळखते.
लोकरीचा तुकडा, पेट्रोलची पावती,
एकदा तर सुकलेल्या माशाचं शेपूट.
बहुतेक सगळे तिसऱ्या प्रकरणात उतरतात.
पुढच्या सुखापर्यंत बस जातच नाही जणू.

टाउनो एकेचाळिसाव्या पानापर्यंत गेला होता.
*आज घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी लिहा.*
खाली टिंबांच्या तीन ओळी.
वाचनालयाच्या पुस्तकात, पेन्सिलनं,
गारठलेल्या बोटांच्या उभ्या अक्षरात:

एक. चूल पहिल्या काडीला पेटली.
दोन. कुत्री आज लंगडली नाही.
तीन.

पुढं काही नाही.
नियम म्हणजे नियम.
इर्मेलीनं खोडरबर काढलं, दोन्ही ओळी घासल्या,
कागदावरचा चुरा फुंकरीनं उडवला,
आणि पुस्तक जागेवर सरकवलं.

नंतरच्या खेपेला टाउनोच्या थांब्यावर
बस सात मिनिटं उभी राहिली.
पाचाच्या वर थांबायचं नसतं.
ओस्मोनं इंजिन बंद केलं नाही, काही बोललाही नाही.
शेवटी शेजारची लेम्पी आली,
एका हातात माशांचं पुस्तक,
दुसऱ्यात कुत्रीचा पट्टा.
"हे त्याच्याकडे राहिलं होतं," म्हणाली.
कुत्री बसच्या पायरीशी हुंगत राहिली.

फेब्रुवारीत तिथला सूर्य उगवतो म्हणजे
क्षितिजावर कोपर टेकतो इतकंच.
खिडकीतून आडवा आत येतो,
टेबलावरचा धूळकणसुद्धा सावली पाडतो.
अशाच एका दुपारी दहा पुस्तकं मोजताना
एकेचाळिसावं पान तिच्या हातात तिरपं झालं.

खोडलेलं सगळं होतं तिथंच.
शाई नाही, शिसं नाही, नुसते वळ:
चूल, काडी, कुत्री.
आणि तिसऱ्या ओळीवरही वळ.
तिनं ती ओळ कधी खोडलीच नव्हती.
लिहून, घासून, त्यानंच पुसली असणार,
लाज वाटली असेल, किंवा
पुस्तक आपलं नाही हे आठवलं असेल.
कागद फिरवून फिरवून बघितला.
एकच शब्द लागला:
मंगळवार.

ओस्मोला तिनं सांगितलं नाही.
तो पुढं टायरची साखळी बसवत होता
आणि रेडिओवर पुन्हा ती यादी लागली होती.

आता कुणी माशांच्या पुस्तकाखाली
हात घालताना दिसलं, की ती हेच काढून देते.
"एकेचाळिसावं पान खिडकीशी धरून वाच," एवढंच म्हणते,
आणि परतीच्या तारखेचा शिक्का मारते
जोरात,
मागच्या पानावर उमटेल इतका.