पांढरी कड

रविवारी रात्री दुकान बंद केलं
की एकेका यंत्राच्या पोटातला डबा मी ओढून काढते
आणि काउंटरवर, जुन्या टॉवेलवर, ओतते
डुलुथ गावाची आठवड्याची चिल्लर.

टॉवेल यासाठी, की घाऊक आवाज नको.
आवाज मी नंतर ऐकते,
सुटा.

आधी कड.
चाळीस पावल्यांची चळत बोटांत आडवी धरायची,
दिव्याखाली हळूच फिरवायची.
प्रत्येकीच्या कमरेला तांब्याची तपकिरी रेघ,
वरून निकेलचा मुलामा.
चौसष्ट सालानंतरच्या सगळ्या अशाच.
मी पासष्टची.

त्या तपकिरीत एखादी रेघ पांढरी दिसली
की मान आपसूक पुढे जाते.
वर्षाला तीन. फार तर चार.
त्यातली एखादी हद्दीपलीकडची निघते,
ट्रकवाल्याच्या खिशातून आलेली,
तिच्यावरची राणी अजून तरुण.

या जानेवारीत, सरोवर काठाकाठानं गोठलेलं असताना,
अकरा नंबरच्या ड्रायरमध्ये सात सापडल्या.
पुढच्या आठवड्यात नऊ.
आनंद झाला, खोटं कशाला सांगू.
मग रात्री झोप येईना.
चांदी एकटीदुकटी येते.
थव्यानं येते तेव्हा
कुणाचं तरी कपाट उघडलेलं असतं.

मंगळवारी पाळत ठेवली.
सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, बर्केदालांचा सोरेन,
चादरींचं बोचकं घेऊन आला. नुसत्या चादरी.
लोकरीच्या मोज्यात हात घालून
एकेक पावली काढत होता,
मासे काढावेत तशी.

मी त्याला हाक मारली.
काउंटरवर दोन नाणी टाकली.
एक ठक् म्हणून गप्प बसलं.
दुसरं बराच वेळ बोलत राहिलं.
म्हटलं, बाळा, हे दुसरं ड्रायरमध्ये घालायचं नसतं.

"माहीत आहे," तो म्हणाला.
"आजोबांनी गोदीवर असताना
चाळीस वर्षं पगाराच्या चिल्लरीतून वेचलीत.
आता म्हणतात, सगळी परत सोड.
गावात कुणीतरी असेलच
कड उजेडाला धरून बघणारं."
मग जरा थांबून:
"शिवाय दहाची नोट मोडायला ते देत नाहीत.
फार चिक्कू आहेत."

मी हसले. सांगितलं मात्र नाही
की ते कुणीतरी म्हणजे मी.
का नाही सांगितलं, अजून कळत नाही.
हातातली पावली त्यालाच परत दिली.
त्यानं ती अकरा नंबरमध्ये घातली,
आणि तिनं इतर कुठल्याही पावलीइतकीच
सात मिनिटं उष्णता दिली.

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी तो आला
तेव्हा बोचक्यात चादरी नव्हत्या.
दोन पांढरे सदरे, टेबलावर घालायचं कापड,
आणि एक काळा मोजा. एकच. जोडी नव्हती.
यंत्रात त्यानं तपकिरी कडेच्या पावल्या घातल्या.
मी साबणाचे पैसे घेतले नाहीत.
कपडे फिरत होते तोवर आम्ही दोघं
काचेआड बघत बसलो.

माझ्याकडे आता एकोणचाळीस आहेत.
सगळ्या परत सोडाव्यात, असं वाटलं होतं खरं.
दोनच सोडल्या,
मोड देणाऱ्या यंत्रात, भर दुपारी,
कुणी बघत नाही असं बघून.
बाकीच्या ठेवल्या. मीही काही कमी चिक्कू नाही.

त्या दोन अजून फिरून आलेल्या नाहीत.
एकीवर त्रेचाळीस साल आहे, काठाला बारीक चरा.
रविवारी टॉवेल पसरते,
चळत दिव्याखाली वळवते,
तपकिरी, तपकिरी, तपकिरी.
बरं वाटतं.